गरज सरो, वाद्यवृंद मरो?

२०१४ सालच्या ऑक्टोबरात डेन्मार्कमधली एक चित्रफीत जगभर फिरली. समारंभाच्या पोशाखातले वादक टँगोची धून वाजवत असतात. मध्येच ते थांबतात, प्रत्येक जण जगातल्या अतिजहाल मिरच्यांपैकी एक मिरची तोंडात टाकतो, चावून गिळतो आणि पुन्हा वाद्य उचलतो. मग डोळ्यांतून धारा लागतात, चेहरे लालबुंद होतात. ओठांनी वाजवायची वाद्ये हाती असणाऱ्यांचे हाल तर पाहवत नाहीत. तरीही धून शेवटच्या स्वरापर्यंत नीट पोचते. लाखो लोकांनी ही गंमत पाहिली. या वादकांच्या वाद्यवृंदावर आदल्याच महिन्यात कुऱ्हाड पडली होती, हे मात्र त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसावे.

‘डीआर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डेन्मार्कच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेचा हा चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हणजे बेचाळीस वादकांचा लहान वाद्यवृंद. त्याची स्थापना १९३९ची. ज्या वर्षी त्याचा अमृतमहोत्सव व्हायचा, त्याच वर्षी १८ सप्टेंबरला तो बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि नव्या वर्षापासून प्रसारणसंस्थेच्या यादीतून त्याचे नाव गेले. एका दूरच्या देशातल्या साडेतीन डझन वादकांच्या नोकऱ्या हा आपल्याकडे अग्रलेखाचा विषय का व्हावा, असे कोणी विचारील. उत्तर त्या वाद्यवृंदाच्या इतिहासात आहे. रेडिओने वादक पदरी का बाळगले आणि पुढे ते त्याला जड का झाले, याची ही गोष्ट सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या कोणत्याही सांस्कृतिक संस्थेला लागू पडते. आपल्या आकाशवाणीलाही.

सुरुवात गरजेतून झाली. डेन्मार्कचा सरकारी रेडिओ १९२५ साली सुरू झाला, तेव्हा प्रसारणाचे तास भरायला हाताशी फारसे काही नव्हते. तबकड्या होत्या, पण एका बाजूला जेमतेम चार-पाच मिनिटे वाजणाऱ्या आणि खरखरीत. तासाभराची रचना ऐकवायची तर वादकांनी स्टुडिओत बसून ती वाजवणे हाच मार्ग होता. संगीताची जबाबदारी सांभाळणारे गायक एमिल होल्म यांनी मूठभर वादकांपासून सुरुवात केली आणि त्यातून पुढे मोठा सिम्फनी वाद्यवृंद उभा राहिला. युरोपभर असेच घडत होते. रेडिओ हा संगीताचा सर्वांत मोठा ग्राहक झाला, आणि रोजचे दूध लागणाऱ्या घराने गायच दारात बांधावी तसे त्याने वादक नोकरीला ठेवले.

वादकांनाही ही नोकरी हवीच होती. मूकपटांच्या काळात मोठ्या चित्रपटगृहांतून पडद्यापुढे वादकांचा ताफा बसत असे. त्या मिरचीच्या चित्रफितीतली ‘जलूसी’ ही टँगोची धून तिथेच जन्मली. कोपनहेगनच्या एका चित्रपटगृहातील वाद्यवृंदाचे प्रमुख, व्हायोलिनवादक याकोब गाडे यांनी १९२५ साली एका मूकपटाच्या खेळासाठी ती रचली आणि ती जगभर गाजली. काही वर्षांतच बोलपट आला. संगीत फितीवरच उमटू लागले आणि पडद्यापुढचे वादक घरी बसले. एका यंत्राने घालवलेल्या रोजगाराला दुसऱ्या यंत्राने, म्हणजे रेडिओने, काही अंशी आसरा दिला. पुढे त्या यंत्राचीही गरज भागेल, हे तेव्हा कोणाला दिसणार?

मोठा वाद्यवृंद असताना लहान कशाला, हा प्रश्नही तेव्हापासूनचा आहे. सिम्फनीच्या पूर्ण ताफ्यात ऐंशी-नव्वद माणसे लागतात. हायडन आणि मोत्सार्ट यांच्या काळातील रचनांना त्याच्या निम्मी पुरतात. त्यांतल्या बऱ्याच रचना मुळात राजवाड्यांतल्या आणि सरदारांच्या वाड्यांतल्या दालनांसाठी होत्या, आजच्यासारख्या मोठ्या सभागृहांसाठी नव्हत्या. शिवाय सुरुवातीच्या मायक्रोफोनला मोठा ताफा झेपत नसे. पितळी वाद्ये आणि नगारे एकदम उसळले की व्हायोलिनच्या नाजूक जागा त्यात बुडून जात. पाच-पंचवीस तंतुवाद्ये, जोडीजोडीने बासऱ्या, ओबो आणि शिंगे, एवढा ऐवज मध्यम आकाराच्या स्टुडिओत नेटका बसे आणि घराघरांतल्या छोट्या संचांतून स्पष्ट ऐकू येई. हलकेफुलके संगीत वाजवायलाही हाच आकार सोयीचा. सकाळी ऑपेरेटा, दुपारी चित्रपटातली गाणी, रात्री मोत्सार्ट, असे एकाच ताफ्याकडून करून घेता येई.

डेन्मार्कच्या रेडिओने १९३९ साली उभारलेल्या या दुसऱ्या वाद्यवृंदाचे नावच मुळी ‘मनोरंजन वाद्यवृंद’ असे होते. थोरल्या सिम्फनी वाद्यवृंदापुढे फ्रिट्झ बुश आणि निकोलाय माल्को यांच्यासारखे नामांकित संचालक उभे राहत आणि दर गुरुवारच्या मैफलींना देशाची प्रतिष्ठा चिकटलेली असे. धाकट्याच्या वाट्याला घरात रोज लागणारी कामे आली. एकत्र कुटुंबात थोरल्याचा मान आणि धाकट्याची धावपळ असते, तशातलाच हा प्रकार. परंतु स्वयंपाक करता करता किंवा दुकानात गिऱ्हाईक पाहता पाहता रेडिओ ऐकणाऱ्या सामान्य डॅनिश माणसाच्या कानांवर संगीत टाकण्याचे काम या धाकट्याने मोठ्या प्रमाणावर केले. आज सार्वजनिक प्रसारणाच्या उद्दिष्टांवर परिसंवाद झडतात. ती उद्दिष्टे तेव्हा असा कोणताही शब्द न वापरता रोज पार पडत होती.

या वादकांसाठी घरही मोलाचे बांधले गेले. वास्तुरचनाकार व्हिल्हेल्म लॉरिट्झेन यांनी आखलेले कोपनहेगनचे रेडिओगृह डेन्मार्कवरील जर्मन ताब्याच्या काळातून तरून १९४५ साली रीतसर खुले झाले. त्यातल्या लाकडी आवरणाच्या मैफल सभागृहाची ध्वनिगुणांसाठी ख्याती झाली. रेडिओने वादकांना नोकरी दिली, सभागृह दिले आणि देशभरचा श्रोता दिला. मोबदल्यात वादकांनी रेडिओचे तास भरले. दोन्ही पारड्यांत वजन होते, तोवर हा व्यवहार कोणाला डोळ्यांत खुपला नाही.

एक पारडे हळूहळू हलके होत गेले. १९३५ साली जर्मनीत चुंबकीय फितीवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र लोकांसमोर आले आणि महायुद्धानंतर ते जगभरच्या स्टुडिओंत पोचले. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली. जी रचना वाजवायला चाळीस माणसे एकत्र आणावी लागत, ती आता कपाटातून काढून सुईखाली ठेवता येऊ लागली. ब्रिटनमध्ये तर तबकड्या किती तास वाजवाव्यात यावर कराराने मर्यादा होती. वादकांच्या संघटनेने आणि तबकडी कंपन्यांनी आग्रहाने राखलेली ही मर्यादा १९८८पर्यंत टिकली. त्यामुळे बीबीसीला जिवंत वादकांवाचून चालतच नसे. तरीही १९८० साली बीबीसीने आपल्या अकरांपैकी पाच वाद्यवृंद गुंडाळण्याचा घाट घातला. वादक संपावर गेले, प्रॉम्स महोत्सवातील सुरुवातीच्या मैफली रद्द झाल्या आणि अखेर तडजोड करावी लागली. गरजेचा काळ संपल्याची ती पहिली मोठी खूण होती.

आपल्याकडे म्हण आहे, गरज सरो नि वैद्य मरो. रेडिओच्या वाद्यवृंदांना ती अक्षरशः लागू पडायची. पण तसे लगेच घडले नाही, कारण गरजेची जागा कर्तव्याने घेतली. लोकांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या संस्थेने बाजारात तयार मिळते तेवढेच वाजवू नये. आपल्या देशातल्या संगीतकारांच्या नव्या रचना तिने वाजवाव्यात, विस्मृतीत गेलेल्या जुन्या शोधाव्यात, राजधानीबाहेरच्या गावांत मैफली न्याव्यात, मुलांना वाद्ये जवळून दाखवावीत, असा विचार रुजला. हा विचार थोर आहे. पण गरजेला हिशेबाच्या वहीत आपोआप जागा असते आणि कर्तव्याला ती दरवर्षी मागून घ्यावी लागते. रेडिओ वाद्यवृंदांचा पुढचा सगळा इतिहास या एका फरकातून उलगडतो.

डेन्मार्कच्या धाकट्या वाद्यवृंदाने कर्तव्याची बाजू जीव तोडून सांभाळली, हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावे लागेल. १९९८ साली हंगेरियन संचालक आदाम फिशर त्याचे प्रमुख झाले. हायडनच्या सगळ्या सिम्फनी दुसऱ्या एका वाद्यवृंदाकडून ध्वनिमुद्रित करून घेण्याचा त्यांचा प्रकल्प तेव्हा सुरूच होता. त्यांनी या ‘मनोरंजन’ वादकांना मोत्सार्टकडे वळवले आणि २००६ ते २०१३ या काळात मोत्सार्टच्या ४५ सिम्फनींची मालिका ध्वनिमुद्रित केली. लहान वाद्यवृंदात वादकाला लपायला जागा नसते. सोळा व्हायोलिनांत एखादे बेसूर वाजले तर निभावून जाते, सहांत ते निभत नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याचे ऐकत वाजवावे लागते. तबल्याची उठाण आणि सतारीची तान एकमेकांकडे न पाहता समेवर येतात, तेव्हा वर्षानुवर्षांच्या सहवासातून आलेली जी समज दिसते, तीच इथे चाळीस जणांत असावी लागते. अशी समज पगार देऊन विकत आणता येत नाही. पण पगार थांबला तर ती विखुरते.

दरम्यान प्रसारणसंस्था नव्या घरात गेली. फ्रेंच वास्तुरचनाकार ज्याँ नूव्हेल यांनी आखलेले तिचे भव्य निळे सभागृह २००९ साली उघडले. नव्या संकुलाचा खर्च अंदाजाबाहेर गेला आणि त्यापायी संस्थेत शेकडो नोकऱ्यांवर गदा आली. सभागृहाचा तो खर्च आणि २०१४चा निर्णय यांच्यात सरळ रेघ ओढणे अन्यायाचे होईल. मध्ये बरीच वर्षे आणि बऱ्याच घडामोडी आहेत. तरी हा क्रम नोंदवून ठेवायला हवा. भिंतींवर होणारा खर्च एकदा होतो आणि तो डोळ्यांना दिसतो. माणसांवरचा खर्च दरवर्षी होतो आणि फक्त कानांना जाणवतो. कपातीची वेळ येते तेव्हा भिंत पाडता येत नाही, माणसे कमी करता येतात.

प्रसारणसंस्थेची बाजूही ऐकली पाहिजे. तिने काटकसरीचे कारण दिले. सिम्फनी वाद्यवृंद, गायकवृंद आणि बिग बँड तिने राखले. दोन वाद्यवृंद परवडत नसतील तर एक सोडावा लागतो, यात काही तर्क आहे. तरुण श्रोते मोबाइलकडे वळलेले, राजकीय पक्ष परवाना शुल्कावर नाराज, बातम्या आणि मुलांचे कार्यक्रम यांनाही पैसा हवा, अशा कोंडीत कोणताही व्यवस्थापक सापडू शकतो. पुढे २०१८ साली राजकीय पक्षांच्या तडजोडीत या संस्थेच्या खर्चात वीस टक्क्यांची कपात ठरली आणि परवाना शुल्कच टप्प्याटप्प्याने संपुष्टात आले, तेव्हा ही कोंडी खरी होती हेही दिसले. आमचा आक्षेप काटकसरीला नाही. कुऱ्हाड नेमकी कोणावर पडते, त्याविषयी आहे. थोरल्याला प्रतिष्ठा वाचवते आणि गायकवृंदाला त्याचे वेगळेपण. ना पुरता अभिजात, ना पुरता लोकप्रिय, असा मधला ताफा सर्वांना थोडाथोडा हवा असतो आणि कोणालाच पुरता हवा नसतो. त्याच्यावर पहिला घाव बसतो.

नेदरलँड्समध्ये हेच आधी घडून गेले होते. हिल्वर्सम हे तिथल्या प्रसारणाचे गाव. कॅथलिक, प्रोटेस्टंट, समाजवादी, उदारमतवादी अशी प्रत्येक विचारधारेची तिथे स्वतंत्र प्रसारणसंस्था होती. महायुद्धानंतर या साऱ्यांसाठी वाजवणारे सामाईक वाद्यवृंद उभे राहिले आणि १९४५ साली रेडिओ चेंबर ऑर्केस्ट्रा स्थापन झाला. फ्रान्स ब्रुखन आणि टोन कोपमन यांच्याकडून त्याने जुने संगीत जुन्या रीतीने वाजवण्याची शिस्त घेतली, तर पेटर एट्व्हश यांच्या हाताखाली समकालीन संगीताची. बाखपासून कालपरवाच्या रचनेपर्यंत दोन्ही टोकांना सारख्याच जिव्हाळ्याने जाणारे ताफे जगात कमीच होते. २००५ साली त्याचे दुसऱ्या रेडिओ सिम्फनी वाद्यवृंदात विलीनीकरण झाले. २०१० साली नव्या सरकारने प्रसारणाचे सगळे संगीत केंद्रच बंद करायचे ठरवले. निदर्शने झाली, थोडी माघार घेतली गेली, मोठा फिलहार्मोनिक आणि गायकवृंद वाचले. विलीनीकरणातून जन्मलेला तो ताफा मात्र २०१३ साली संपला. आधी जोड, मग तोड, असा हा दोन पायऱ्यांचा जिना आहे. विलीनीकरणाच्या दिवशी कोणी रडत नाही, कारण त्या दिवशी कोणी मेलेले नसते. जर्मनीत २०१६ साली नैर्ऋत्य रेडिओचे दोन वाद्यवृंद एक झाले, तेव्हा तिथल्या रसिकांना याचीच धास्ती होती.

अर्थात आवाज उठवला तर निर्णय बदलतातही. २०२३च्या मार्चमध्ये बीबीसीने आपला गायकवृंद बंद करण्याचे जाहीर केले आणि देशभर एवढा गदारोळ झाला की तो निर्णय थांबवावा लागला. डेन्मार्कमध्ये तसे झाले नाही, पण तिथल्या वादकांनी दुसरा मार्ग काढला. प्रसारणसंस्थेने हात काढून घेतल्यावर त्यांनी स्वतंत्र संस्था उभी केली, लोकवर्गणीचे आवाहन केले, खासगी देणग्या मिळवल्या. फिशर त्यांच्याबरोबर राहिले. या नव्या अवतारात त्यांनी बेथोवनच्या नऊ सिम्फनी ध्वनिमुद्रित केल्या. २०१९ साली त्या प्रसिद्ध झाल्या, पाठोपाठ ब्राम्सच्या आल्या आणि जाणकारांनी दोन्हींचे कौतुक केले. ज्याची गरज संपली म्हणून सांगितले गेले, त्याने गरज नसताना अधिक मोठे काम करून दाखवले.

इथे सावध राहायला हवे. बघा, सरकारी पैशावाचूनही जमतेच की, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होईल. तो फसवा आहे. वर्गणी गोळा झाली ती पंच्याहत्तर वर्षांच्या नावावर. देणगीदार पुढे आले ते फिशर यांच्या मोत्सार्ट मालिकेने मिळवलेल्या कीर्तीमुळे. ही कीर्ती आणि ही समज परवाना शुल्कातून, एकेका डॅनिश घराने भरलेल्या पैशातून तयार झाली होती. पिढीजात जमीन विकून आलेल्या पैशावर चार वर्षे मजेत गेली म्हणून जमिनीची गरज नव्हती असे सिद्ध होत नाही. बेथोवन वाजवून दाखवता येतो, पण आज कोणालाच ठाऊक नसलेल्या तरुण संगीतकाराची पहिली रचना वाजवायला देणगीदार सहसा मिळत नाही. तो धोका सार्वजनिक संस्थाच पत्करू शकते.

आता आपल्याकडे वळू. पाश्चात्त्य संगीताचा चेंबर ताफा हे मुंबईला परके प्रकरण नव्हते. नाझींच्या छायेतून निसटून १९३४ साली मुंबईत आलेले प्रागचे संगीतकार वॉल्टर कॉफमन यांनी इथे चेंबर संगीताची मंडळी स्थापन केली. मेहली मेहता यांच्यासारखे व्हायोलिनवादक त्यांच्याबरोबर वाजवत. पुढे कॉफमन यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. भल्या पहाटे रेडिओ लावल्यावर ऐकू येणारी आकाशवाणीची जी संकेतधून आपल्या कित्येक पिढ्यांच्या कानांत बसली आहे, तिचे श्रेय त्यांनाच दिले जाते. दिल्लीत १९५२ साली आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला, तो पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली. १९५६मध्ये ती धुरा बासरीवादक पन्नालाल घोष यांच्याकडे आली. एकट्या कलावंताच्या उपजेवर उभ्या असलेल्या आपल्या संगीतात सतार, सरोद, बासरी, सारंगी यांना एकत्र बसवून लिहिलेली रचना वाजवायची, हा प्रयोग युरोपातल्या कोणत्याही रेडिओ वाद्यवृंदापेक्षा अवघड होता. त्यांच्याकडे दोनशे वर्षांची परंपरा तयार होती. आपल्याकडे ती घडवायची होती, आणि ते काम रेडिओखेरीज दुसरे कोण अंगावर घेणार होते?

आपणही एके काळी टपाल कचेरीत जाऊन रेडिओचा परवाना काढत होतो. त्या पुस्तिका घरातल्या जुन्या ट्रंकेत आजही सापडतील. म्हणजे आकाशवाणीच्या स्टुडिओत बसलेल्या प्रत्येक वादकाच्या पगारात आपल्या आजोबांचे चार पैसे होते. त्या पैशांतून काय घडले आणि त्यातले काय उरले, याचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे. तो मागताना श्रोत्यांची डोकी मोजून भागणार नाही. या वाद्यवृंदाने कोणत्या नव्या रचना जन्माला घातल्या, त्यांची ध्वनिमुद्रणे नीट जपली आहेत का, ती लोकांना ऐकायला मिळतात का, निवृत्त वादकाच्या खुर्चीवर नवा माणूस बसतो का, हे विचारायला हवे. जाहीर निर्णयाने बंद पडणाऱ्या संस्थेसाठी निदान लोक रस्त्यावर उतरतात. खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या तर कोणाला पत्ताही लागत नाही.

कोपनहेगनमध्ये एक गोष्ट मात्र सुंदर घडली. नव्या सभागृहाकडे जाताना प्रसारणसंस्थेने सोडलेले लॉरिट्झेन यांचे जुने रेडिओगृह आता तिथल्या संगीत अकादमीकडे आहे. नोकरी गमावलेल्या वादकांनी बेथोवनच्या नऊ सिम्फनी ध्वनिमुद्रित केल्या त्या याच सभागृहात, एके काळी रेडिओने आपल्या वादकांसाठी बांधलेल्या लाकडी भिंतींमध्ये. शेजारच्या खोल्यांतून अकादमीचे विद्यार्थी रियाझ करत असतात. त्यांतल्या कित्येकांना उद्या वादकाची नोकरी शोधायची आहे.